गोड वासाचा गडी

अंगाने बारीक, रंगाने भडक. बोटभर लांब, कधी चपटा, कधी गोलसर. पोपटी, गुलाबी, निळा. एका टोकाला ओठांत धरायची नळी, दुसऱ्या टोकाला मिणमिणता दिवा. खिशात ठेवला तर खिसा फुगत नाही. पेटवायला काडी लागत नाही, राख झाडावी लागत नाही, थोटूक कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. आईने शर्ट हुंगून पाहिला तर फार तर आंब्याचा वास येतो, आणि आंब्याच्या वासावर कुठली आई संशय घेते?

सरकारी कागदावर याचं नाव इलेक्ट्रॉनिक सिगारेट. मुलं त्याला वेप म्हणतात, पॉड म्हणतात.

स्वभावाने अतिशय आज्ञाधारक. बटण दाबायचीही तोशीस देत नाही. ओढणाऱ्याने श्वास आत घेतला की आतल्या चिमुकल्या सेन्सरला ते कळतं, बॅटरी जागी होते, तारेचं वेटोळं तापतं आणि त्याला चिकटलेल्या कापसात भिजलेला रस उडून तोंडात येतो. श्वास थांबला की हाही झोपतो. बाहेर पडतं ते पांढरं, वाफेसारखं दिसतं. पण ते म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि वास यांचे बारीक थेंब. दोन मिनिटांत हवेत विरतात. मागे पुरावा उरत नाही.

सिगारेटचं एक बरं होतं, ती संपायची. दहा-बारा झुरक्यांनंतर बोटाला चटका बसला की माणूस भानावर यायचा. याच्या पोटात पाच हजार, दहा हजार, आता तर वीस हजार पफ असल्याचं खोक्यावरच छापलेलं असतं. 'एक ओढून येतो' याला काही अर्थच उरत नाही. अभ्यास करताना, आंघोळीला जाताना, पांघरुणात, कधीही. किती झाले याचा हिशोब ओढणाऱ्याकडे नसतो.

घराणं पाहिलं तर वाईट नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तेव्हा कुणी दाद दिली नाही. आजच्या अवताराचे जनक होन लिक, चीनमधल्या शेनयांगचे औषधशास्त्री. स्वतः भरपूर ओढणारे, वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले. २००३च्या सुमारास त्यांनी हे यंत्र केलं ते सिगारेट सुटावी म्हणून. हेतू स्वच्छ होता, आणि तो पुरता फसला असंही म्हणता येत नाही. इंग्लंडात २०२३ साली सरकारनेच दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना वेपचा संच द्यायची योजना जाहीर केली. निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगगमपेक्षा याच्या मदतीने सिगारेट सोडणारे जास्त, असं वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने भक्कम पुराव्यानिशी म्हटलेलं आहे. पन्नाशीचा, दिवसाला पाकीट फुंकणारा गृहस्थ याच्या नादी लागला तर कदाचित त्याची चार वर्षं वाढतील. भानगड सुरू होते ती हा पंधरा वर्षांच्या पोराशी दोस्ती करतो तेव्हा.

ती दोस्ती त्याला कॅलिफोर्नियात जमली. स्टॅनफर्डमध्ये डिझाइन शिकलेल्या अ‍ॅडम बोवेन आणि जेम्स मॉन्सीस या दोघांनी २०१५च्या जूनमध्ये 'ज्यूल' बाजारात आणला. दिसायला हुबेहूब पेन ड्राइव्ह. पण खरी करामत दिसण्यात नव्हती, रसात होती. साधं निकोटीन जास्त झालं की घसा ओरबाडतं. पहिल्या सिगारेटला जो जीवघेणा ठसका लागतो तोच कित्येकांच्या बाबतीत व्यसनमुक्तीचा पहिला आणि शेवटचा कार्यक्रम असायचा. ज्यूलवाल्यांनी निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. आता पाच टक्के निकोटीन घशाखाली विनातक्रार जाऊ लागलं. एका पॉडमध्ये, म्हणजे रसाच्या एका बदलत्या कुपीत, साधारण एका पाकिटाएवढं निकोटीन असतं, हे कंपनी स्वतः सांगत होती. ठसका गेला, आणि जो काही कडवटपणा उरला होता त्यावर आंबा, काकडी, पुदिना आणि क्रेम ब्रुले.

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. नववीतल्या मुलाच्या दप्तरात तिला हे प्रकरण सापडलं तेव्हाचा तिचा फोन मला आठवतो. "दादा, अरे मी तो माझ्या लॅपटॉपला लावायला निघाले होते! म्हटलं याचा प्रोजेक्ट असेल आत." मुलाने तोवर शांतपणे सांगून टाकलं होतं की हे नुसतं फ्लेवरचं पाणी आहे. बिचाऱ्याला तसंच वाटतही असेल. पुष्कळ मुलांना त्यात निकोटीन असतं हेच ठाऊक नव्हतं.

२०१९ साली अमेरिकेत नववी ते बारावीच्या मुलांपैकी २७.५ टक्के मुलं मागच्या तीस दिवसांत कधी ना कधी हा ओढलेली होती. म्हणजे चारांत एक, वर थोडी. शाळांनी स्वच्छतागृहांत वाफ ओळखणारी यंत्रं बसवली. मुलं बाहीत तोंड खुपसून वर्गातच वाफ सोडायला शिकली.

आता इथून पुढे याच्या चारित्र्याचा खरा भाग. आपल्याकडे गावोगाव फिरणारे बहुरूपी असत. आज फौजदार, उद्या गोसावी, परवा पोस्टमन. पण तो बहुरूपी आहे हे दारातल्या माणसाला शेवटी कळायचं; तो हसून बिदागी घ्यायचा आणि पुढच्या गावाला जायचा. हा गडीही सोंगं बदलतो, फक्त सोंग आहे हे सांगत नाही. आणि त्याच्या मागे लागलेला कायदा दर वेळी त्याच्या मागच्या सोंगाचं वर्णन हातात घेऊन फिरत असतो.

पाहा. सिगारेटला फळांचा, चॉकलेटचा वास लावायला अमेरिकेने २००९ सालीच बंदी केली होती. मुलं त्या वासाला भुलतात हेच कारण. (मेंथॉल तेवढं वगळलं. त्यामागे कुणाचं वजन होतं ते वाचकांनी ताडावं.) पण हा म्हणाला, मी कुठे सिगारेट आहे? तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे त्यांच्या एफडीएला, याच्यावर अधिकार मिळायला २०१६चा ऑगस्ट उजाडला. २०१८ साली त्या खात्याचे आयुक्त स्कॉट गॉटलिब यांनी मुलांमधल्या या लाटेला साथ म्हटलं. त्याच वर्षी डिसेंबरात मार्लबरोवाल्या अल्ट्रिया कंपनीने ज्यूलमधला ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरना घेतला. सिगारेट सोडवायला निघालेल्या पोराला सिगारेटवाल्यांनीच दत्तक घेतलं.

२०१९ संपता संपता तंबाखू विक्रीची किमान वयोमर्यादा देशभर २१ झाली. २०२०च्या जानेवारीत एफडीएने ठरवलं की रस आधीच भरलेल्या, बदलायच्या पॉडमध्ये तंबाखू आणि मेंथॉल सोडून दुसरा फ्लेवर दिसला तर कारवाई. वर्णन नेमकं होतं: पॉड, फ्लेवर, कारवाई. गडी म्हणाला, बरं, मग मी पॉडवाला नाहीच. एकदा वापरून फेकून द्यायचा डिस्पोजेबल आहे. डिस्पोजेबल त्या आदेशात प्राधान्याच्या यादीत नव्हतेच! वेप ओढणाऱ्या नववी ते बारावीच्या मुलांत डिस्पोजेबलवाले २०१९ साली २.४ टक्के होते, २०२० साली २६.५ टक्के. 'पफ बार' नावाचा अवतार या काळात घराघरांत पोचला. त्याच्यामागे एफडीए लागली तेव्हा २०२१ साली तो म्हणाला, माझं निकोटीन तंबाखूच्या पानातून काढलेलंच नाही, प्रयोगशाळेत बनवलंय. आणि तुमच्या कायद्यात तर लिहिलंय 'तंबाखूपासून काढलेलं'. वाचून पाहिलं तर खरंच तसं लिहिलेलं होतं. ती फट बुजवायला अमेरिकन काँग्रेसला २०२२चा मार्च लागला.

फट बुजली तोवर बाजारात 'एल्फ बार' नावाचा पुढचा अवतार होता. त्याच्या आयातीवर एफडीएने २०२३च्या मे महिन्यात रोक लावली, तर त्याने खोक्यावरचं नाव बदललं. त्याच वर्षाच्या अखेरीला लॉस एंजेलिसच्या विमानतळावर चौदा लाख नग पकडले, किंमत एक कोटी ऐंशी लाख डॉलर. कागदांवर माल कुठे खेळणी म्हणून लिहिलेला, कुठे बूट म्हणून. बूट म्हणे! याच्या दिसण्याच्या सोंगांची तर गणतीच नाही. हायलायटर पेनसारखा, स्मार्ट घड्याळासारखा, हूडीच्या नाडीत दडवलेला, मोबाइलसारखा पडदा असलेला, त्या पडद्यावर गेम खेळता येणारा. मोठ्या माणसाची सिगारेट सोडवायला गेम कशाला लागतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

परवान्याचा रस्ता होताच. कंपनीने अर्ज करायचा आणि दाखवून द्यायचं की आपल्या मालाने प्रौढांचं जेवढं भलं होईल ते मुलांच्या नुकसानाहून मोठं आहे. अर्जांत लाखो उत्पादनं होती. फळाफुलांच्या, मिठाईच्या फ्लेवरवाल्यांना एफडीएने सरसकट नकार दिला, तसे ते न्यायालयात गेले. एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. त्यातल्या फ्लेवरांची नावं न्यायालयाच्या निकालपत्रात आलेली आहेत: 'जिमी द ज्यूस मॅन पीची स्ट्रॉबेरी', 'सुसाइड बनी मदर्स मिल्क अँड कुकीज'. काळ्या झग्यातले नऊ न्यायमूर्ती गंभीर चेहऱ्याने हे वाचताहेत असं डोळ्यांपुढे आणून पाहा. एप्रिल २०२५मध्ये त्यांनी एकमताने एफडीएच्या बाजूने कौल दिला. पुढे जुलैत खुद्द ज्यूललाच परवाना मिळाला, पण फक्त तंबाखू आणि मेंथॉलचा. तोवर परवाना मिळालेली सगळी उत्पादनं धरली तरी आकडा चाळीसच्या आत, आणि फ्लेवर हे दोनच. आंब्याला तोवर परवाना नव्हता. आंबा दुकानात होता.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण 'काही उपयोग नाही' म्हणत हात झटकणं फार सोपं असतं. २०२४ साली नववी ते बारावीत याला ओढणारी मुलं ७.८ टक्क्यांवर आली. २७.५ वरून ७.८! यात दुकानदारांवरच्या पाळतीचाही वाटा असावा असं मला वाटतं. तिथे सरकारी निरीक्षक अल्पवयीन मुलालाच बरोबर नेतात. मूल गल्ल्यावर जाऊन वेप मागतं, दुकानदाराने दिला की नोटीस, पुन्हा दिला की दंड. तिशीच्या आतल्या गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय माल द्यायचा नाही, असा आता नियम आहे. गल्ला आहे, म्हणून गल्ल्यावर पाळत ठेवता येते. आणि सहावी ते बारावी मिळून जी मुलं उरली त्यांच्यातली ८७.६ टक्के फ्लेवरवालाच ओढत होती. वास काढून घेतला तर या गड्याकडे पोरांना देण्यासारखं काही उरत नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं?

त्याच्या मायदेशाला हे ठाऊक आहे. जगातले बहुतेक वेप चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांत जन्माला येतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून चीनने आपल्या देशात तंबाखूखेरीज कुठल्याही फ्लेवरच्या वेपची विक्री बंद केली. निर्यातीला हा नियम लागू नाही.

निर्यातीतला काही माल आपल्याकडे येतो. यायला नको, कारण आपल्याकडे फ्लेवरवर नव्हे, अख्ख्या गड्यावरच बंदी आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत ती जाहीर केली, आधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आणणं, पाठवणं, विकणं, वाटणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षं आणि पाच लाख. नुसता साठा सापडला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ओढणाऱ्याबद्दल कायदा गप्प आहे. बंदी जाहीर झाली त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले होते, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीत तेव्हा सरकारचाही अप्रत्यक्ष वाटा होता, हे आपलं जाता जाता.

या कायद्यातलं एक वाक्य मात्र मला मनापासून आवडतं. ई-सिगारेट म्हणजे काय, तर नैसर्गिक किंवा कृत्रिम पदार्थ तापवून ओढण्याजोगा फवारा तयार करणारं विजेवरचं उपकरण. निकोटीन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो. पॉड की डिस्पोजेबल, पानातलं निकोटीन की प्रयोगशाळेतलं, या वादाला जागाच ठेवलेली नाही. अमेरिकेत आता निकोटीनचा एक रासायनिक चुलतभाऊ, सहा-मिथाइल निकोटीन, घालून नवे वेप निघाले आहेत आणि 'हे निकोटीन नव्हेच, सबब एफडीएचा संबंध नाही' असा विकणाऱ्यांचा पवित्रा आहे. तो पवित्रा आपल्या व्याख्येपुढे एक मिनिट टिकणार नाही. ज्याने कुणी हा मसुदा लिहिला त्याने गड्याचे कपडे न पाहता त्याचा धंदा पाहिला.

व्याख्या दिल्लीत राहिली. २०२२च्या सप्टेंबरात मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचरांनी एक कंटेनर उघडला. कागदावर फरशी पुसायचे मॉप. आत दोन लाखांहून अधिक ई-सिगारेटी. जो सापडला तो हा. न सापडलेले इन्स्टाग्रामवर असतात, कुरिअरच्या पिशवीत असतात आणि कॉलेजसमोरच्या टपरीत असतात. टपरीत ते दिसत नाहीत. तिथे बरण्या दिसतात, बडीशेप दिसते, गुटख्याच्या पुड्यासुद्धा आता दिसत नाहीत, कारण गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे. म्हणजे पुड्या टपरीमागे असतात. सुटी सिगारेट विकायलाही २०२०पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत विकणं, यावर तर २००३च्या कायद्यापासून बंदी आहे. एका पत्र्याच्या टपरीत किती कायदे दाटीवाटीने राहतात पाहा.

सरसकट बंदीबद्दल माझी तक्रार ती कडक आहे ही नाही. मुलांच्या बाबतीत कडकपणा परवडला. तक्रार अशी की बंदीनंतर आपण विषय संपला असं समजलो. अमेरिकेत मुलाला वेप मिळू नये म्हणून दुकानदाराला धाक आहे, कारण त्याच्याकडे घालवण्यासारखं काही आहे: दुकान, नाव, धंद्याची पाटी. आपल्याकडे विकणारा पहिल्याच नगाला गुन्हेगार ठरलेला असतो. गिऱ्हाईक चाळिशीचं असो की चौदाचं, या कायद्याखाली त्याच्या शिक्षेत फरक पडत नाही. मग त्याने वय का विचारावं? हे नग कुठल्या कारखान्यातले, रसात काय, बॅटरी कुठली, हेही कुणी तपासत नाही. तपासणार कोण, कायद्याने तो अस्तित्वातच नाही. आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली तक्रारींसाठी संकेतस्थळ उघडलं, चांगलं केलं. पण आईबापांना हे उपकरण दाखवून, 'हे पेन ड्राइव्ह नाही, याचा वास असा येतो' असं सांगणारी शाळेतली एक पालकसभा मी अजून पाहिलेली नाही. तंबाखूविरोधाचे फलक शाळेच्या भिंतीवर असतात, त्यांवर चित्र असतं विडीचं.

मध्यंतरी पुण्यात एका टपरीवर मी उभा होतो. युनिफॉर्मवर जॅकेट चढवलेला एक मुलगा आला, मिसरूडही न फुटलेला. "दादा, मिंट आहे का?" एवढंच म्हणाला. टपरीवाल्याने माझ्याकडे एक नजर टाकली, मी निरुपद्रवी दिसलो असावा. खाली वाकून त्याने हात लांब केला, कागदात गुंडाळलेलं काहीतरी मुलाच्या हातात दिलं. मुलाने फोनवरून पैसे पाठवले, टपरीतल्या डब्याने आलेली रक्कम मोठ्याने उच्चारली. हजाराच्या वर होती. पंधरा सेकंदांत मुलगा दिसेनासा झाला.

"शाळेतला होता रे तो," मी म्हणालो.

"असेल, काका."

"वय तरी विचारायचंस."

तो हसला. उद्धटपणे नाही, समजूत घालावी तसा. "काका, वय विचारायला माझ्याकडे काय या मालाचं लायसन आहे?" म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला पाकिटातून एक सुटी सिगारेट काढून दिली.